साठातले किती उरले?

इनामगाव, ता. शिरूर

चि. ताईस,


वाशीच्या फ्लॅटचे फोटो पोचले. आजीला स्वयंपाकघर आवडलं, तुझ्या बापाला पार्किंग. मला त्या सगळ्या फोटोंत आवडलं ते शेवटचं पान, सोसायटीचा आणि सिडकोचा करार. तू ते आडवं धरून काढलंयस, निम्मं तुझ्या अंगठ्याखाली गेलंय, पण तारीख वाचता येते. १९८४ साल, आणि मुदत साठ वर्षं.

आता हिशोब कर. साठ वर्षं २०४४ ला भरतात. तू कर्ज काढणार वीस वर्षांचं. म्हणजे तुझा शेवटचा हप्ता जाण्याआधीच ज्या जमिनीवर ती इमारत उभी आहे तिचा भाडेपट्टा संपलेला असेल. फोनवर तू म्हणालीस, "आण्णा, एजंट म्हणतो नवी मुंबईत सगळ्यांचंच असं आहे, कोणी विचारत नाही." सगळ्यांचंच असं आहे हे त्याचं बोलणं खरं. कोणी विचारत नाही हे मात्र खोटं. बँक विचारते. कर्ज फिटल्यावरही पट्ट्याची काही वर्षं शिल्लक राहावीत, असा बँकांचा साधारण दंडक असतो. आणि तू विकायला काढशील तेव्हा तुझ्या गिऱ्हाइकाची बँकही विचारणार.

मी उभी हयात घोडनदीच्या कचेरीबाहेर दस्त लिहिण्यात घालवली. आमच्या धंद्यात माणूस लिहून देणार नाहीतर लिहून घेणार, तिसरी जात नाही. तू आता लिहून घेणारी होणार आहेस, म्हणून हे पत्र. लांबेल. दोन बैठकांत वाच.

पहिल्यांदा एक मनात पक्कं कर. तू विकत घेत्येस ती साडेसहाशे चौरस फुटांची जागा नाही, त्या जागेतली उरलेली वर्षं आहेत. जमिनीचा मालक सिडको. सोसायटी तिची पट्टेदार. तू सोसायटीची सभासद. शेजारच्या इमारतीतला तेवढाच फ्लॅट, तेवढ्याच मजल्यावरचा, पण पट्ट्याची पन्नास वर्षं बाकी असलेला, तुझ्या फ्लॅटपेक्षा महाग असायला हवा. बाजारात तसा तो असतोच असं नाही, कारण भाव सांगणारे लोक टाइल्स बघतात. सरकार मात्र बघतं. मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत भाडेपट्ट्याचा अनुच्छेद ३६ आहे, तो मला अजून पाठ आहे. पाच वर्षांपर्यंतचा पट्टा असेल तर मालमत्तेच्या बाजारभावाच्या दहा टक्क्यांवर शुल्क, दहा वर्षांपर्यंत पंचवीस टक्क्यांवर, एकोणतीस वर्षांपर्यंत पन्नास टक्क्यांवर, आणि एकोणतीसच्या पुढे नव्वद टक्क्यांवर. म्हणजे लांब मुदतीचा पट्टा हा जवळजवळ खरेदीखतच, आणि आखूड मुदतीचा म्हणजे नुसतं भाडं, हे सरकारनेच आकड्यांत सांगून ठेवलंय. तुझा फ्लॅट बांधला तेव्हा त्या पहिल्या जातीत होता. आता हळूहळू दुसऱ्या जातीत उतरतोय.

तू शेतकऱ्याची पोर आहेस, तुला हे नवं वाटायला नको. आपल्या शिवारात सातबारा बघतोस का म्हटलं की लोक आधी भोगवटादार वर्ग बघतात. वर्ग एक म्हणजे मोकळी. वर्ग दोन म्हणजे विकायची झाली तर कलेक्टरची परवानगी आणि नजराणा. वतनं खालसा झाली, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, आणि त्याच माणसांना जमिनी परत मिळाल्या त्या या नव्या शर्तीवर. कसत होते तेच लोक, नांगर तोच, पण गरजेला विकायला गेलं की नजराण्याचा आकडा आडवा यायचा. ती माणसं माझ्यासमोर बसून हिशोब करायची आणि उठून जायची. महसूल संहितेच्या कलम २९ मध्ये धारकांचे वर्ग सांगितलेत, त्यात वर्ग एक, वर्ग दोन आणि तिसरा सरकारी पट्टेदार. तुमचा सिडकोचा पट्टा या संहितेतला नव्हे, तो महामंडळाचा. पण जात तीच. रांजणगावच्या एमआयडीसीतले कारखानेही पंच्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर बसलेत, मालकीवर नाहीत. मोठमोठ्या कंपन्यांना त्यात कमीपणा वाटत नाही, मग तुलाही वाटायचं कारण नाही. पट्ट्याची जागा वाईट नसते. तारीख न बघता घेतलेली पट्ट्याची जागा वाईट.

आता त्या एजंटाचं दुसरं वाक्य. "सरकार काय लोकांना घराबाहेर काढणार आहे का?" हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकत आलोय, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. बहुतेक म्हणतो, नेहमी म्हणत नाही. सिंगापूरला गेलांग नावाच्या भागात एका गल्लीत १९१ घरं साठ वर्षांच्या पट्ट्यावर होती. ३१ डिसेंबर २०२० ला साठ वर्षं भरली. जमीन सरकारजमा झाली, घरांसकट. नुकसानभरपाई शून्य, कारण करारच तसा होता. तिथल्या सरकारने आधी तीन वर्षं सांगून ठेवलं होतं आणि शब्दाला जागलं. आपल्याकडे असं होणार नाही असं मीही म्हणतो. वाशीतली हजारो मतदार कुटुंबं कुठलं सरकार रस्त्यावर आणेल?

पण बेघर होण्याची भीती ही चुकीची भीती आहे, ताई. मुदत संपली म्हणून घर जात नाही. तुझी बोलायची ताकद जाते. मग समोरचा आकडा सांगतो आणि तू मान डोलावतेस.

वांद्र्याचं उदाहरण घे. तिथे सरकारी जमिनीवर पट्ट्याने उभ्या असलेल्या सोसायट्या आहेत. जुनं भाडं नाममात्र. मुदती संपल्यावर सरकारने नूतनीकरणाचं धोरण आणलं, १२ डिसेंबर २०१२ चा शासन निर्णय त्यातला मोठा. रेडी रेकनरप्रमाणे जमिनीची किंमत काढायची, तिचा पाव हिस्सा धरायचा आणि त्यावर टक्क्याने वार्षिक भाडं. वांद्र्याच्या जमिनीची किंमत तुला माहीत आहे. भाडं शेकडो पटींनी चढलं. सोसायट्या उच्च न्यायालयात गेल्या, वर्षानुवर्षं तारखा पडल्या. २०२५ मध्ये निकाल लागला तो असा, की हे भाडं म्हणजे लुबाडणूक म्हणता येत नाही. एक दिलासा मात्र मिळाला. दर पाच वर्षांनी भाडं पुन्हा वाढवायचं जे सरकारने योजलं होतं त्याला करारात आधार नव्हता, म्हणून ते टिकलं नाही. बघ, त्या लोकांना जे वाचलं ते करारातल्या शब्दांनी वाचवलं. सहानुभूतीने नाही.

मुंबई बंदराच्या जमिनींवरचे पट्टेदारही असेच झगडले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, जमशेद होरमसजी वाडिया विरुद्ध मुंबई बंदराचे विश्वस्त, निकाल २००४ चा. न्यायालयाने म्हटलं, सरकारी संस्थेने खाजगी घरमालकासारखं भाडेकरूला पिळून काढायचं नाही, पण वाजवी वाढ करायचा तिला अधिकार आहे. वाजवी कशाला म्हणायचं यावर दोन पिढ्या वकिलांची घरं चालली.

आणखी एक लोक धरून बसतात. "भाडं भरत राहायचं, पावती घेत राहायची, पट्टा आपोआप वाढतो." नाही वाढत. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चा आहे, त्याचं कलम ११६ काढून बघ. मुदत संपल्यावर मालकाने भाडं घेतलं आणि तुम्ही राहत राहिलात, तर राहण्याच्या जागेचा पट्टा महिन्यामहिन्याचा होतो. साठ वर्षांची पट्टेदार सोसायटी एका रात्रीत पंधरा दिवसांच्या नोटिशीची भाडेकरू. अर्थात लगेच नोटीस येत नाही. पण असल्या कागदावर ना बँक कर्ज देते, ना बिल्डर पुनर्विकासाला हात लावतो. एक वर्षाच्या वरचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच होतो, तोंडी नाही, पत्रावर नाही, सोसायटीच्या ठरावावर तर नाहीच. हे त्याच कायद्याचं कलम १०७ आणि नोंदणी अधिनियमाचं कलम १७. "साहेबांनी हो म्हटलंय" हे वाक्य तुला ऐकू आलं की घरी परत जायचं.

तुझ्या आत्तेभावाने लंडनजवळ फ्लॅट घेतला तेव्हा त्याने मला तिकडची रीत सांगितली होती. तिथे फ्लॅट म्हणजे बहुतेक पट्टाच. मात्र १९९३ च्या कायद्याने फ्लॅटवाल्याला मुदत नव्वद वर्षांनी वाढवून मागायचा हक्कच दिला, मालकाला आवडो न आवडो, फक्त कायद्याच्या सूत्राने किंमत मोजायची. त्या सूत्रात गंमत अशी की ऐंशी वर्षांपेक्षा कमी उरली की किंमत एकदम चढते, कारण मुदतवाढीने घराची जी किंमत वाढणार तिच्यातला निम्मा वाटाही मालकाला द्यावा लागतो. म्हणून तिकडे शहाणा माणूस एक्क्याऐंशी-ब्याऐंशी वर्षं उरलेली असतानाच अर्ज करतो. २०२४ च्या नव्या कायद्यात नव्वदाचे नऊशे नव्वद करायचं आणि तो निम्म्या वाट्याचा प्रकार काढून टाकायचं ठरलंय, पण सगळी कलमं एकदम लागू होत नाहीत, तिकडेही सरकारच आहे.

आपल्याकडे असा हक्क देणारा कायदा नाही. आपल्याकडे असतं ते धोरण. शासन निर्णय येतो, एक दर जाहीर होतो, एक मुदत असते, मग दर बदलतो. हाच माझ्या सगळ्या पत्राचा मुद्दा समज. हक्क असलेला माणूस थांबू शकतो. धोरणावर जगणाऱ्याने खिडकी उघडी दिसली की हात घालावा. ८ मार्च २०१९ ला सरकारने नियम काढले, वर्ग दोनच्या आणि पट्ट्याने दिलेल्या सरकारी जमिनी रक्कम भरून वर्ग एक करून घ्यायचे. पहिली तीन वर्षं सवलतीचा दर, पुढे चढा. आपल्या तालुक्यातल्या कित्येकांनी म्हटलं, बघू, अजून कमी होईल. पुढे सवलतीची मुदत वाढली हे खरं, पण ती वाढेल हे आधी कोणाला ठाऊक होतं? ज्याची पोरीच्या लग्नासाठी जमीन विकायची घाई त्या मधल्या काळात आली त्याने काय करायचं?

सिडकोचंही तसंच. १९७० मध्ये महामंडळ निघालं, खाडीपलीकडच्या गावांची जमीन संपादन झाली, आणि ती विकायची नाही, पट्ट्याने द्यायची असं ठरलं. विचार वाईट नव्हता. शहर वाढेल तशी जमिनीची किंमत वाढणार, ती वाढ समाजाकडे राहावी. मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये जो इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला त्यानेही भूखंड पट्ट्यानेच दिले, काही ९९ वर्षांनी, काही चक्क ९९९ वर्षांनी. पिंपरी-चिंचवडच्या प्राधिकरणाने, १९७२ पासून, नव्याण्णव दिली. सिडकोने साठ दिली. साठ हा आकडा कोणी का निवडला हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. माणूस तिशीत घर घेतो, साठ वर्षांनी तो नव्वदीचा. म्हणजे त्याच्या हयातीपुरतं झालं, नातवाचं नातू बघेल. तू त्या नातवाच्या जागी उभी आहेस.

२०१८-१९ च्या सुमारास सरकारने साठची नव्याण्णव करून घ्यायची वाट मोकळी केली, एकरकमी शुल्क भरून, घराच्या आकाराप्रमाणे. २०२४ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन पट्ट्याच्या जमिनी फ्री होल्ड करायचा निर्णय झाला. काहीजणांनी पैसे भरले, पुष्कळजण शुल्क जास्त म्हणून ओरडत बसले, आणि बाकीचे सोसायटीच्या वार्षिक सभेत चहा पिऊन घरी गेले. तुझी सोसायटी यातली कुठली हे मला त्या फोटोवरून कळत नाही. ते तू शोधायचं. आजचा दर काय, अर्ज कोणत्या नमुन्यात, हे सिडकोच्या कार्यालयात जाऊन लेखी घे. व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर जाऊ नकोस, ती कुठल्या सालची आहे हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मुदतीचं आणि कर्जाचं नातं तुला क्षुल्लक वाटत असेल तर हाँगकाँगचं ऐक. १८९८ साली इंग्रजांनी चीनकडून तिथला मोठा मुलूख नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने घेतला. पाऊणशे वर्षं कोणी त्याचा विचार केला नाही. मग १९७० च्या दशकाच्या शेवटी प्रश्न असा आला, की पंधरा वर्षांची कर्जं आता १९९७ च्या पलीकडे जायला लागतील, तर त्या जमिनीच्या पट्ट्यांचं काय? तिथला गव्हर्नर मॅक्लेहोज १९७९ मध्ये बीजिंगला जाऊन चिनी नेता तंग शियाओफिंगपुढे हा विषय काढून बसला. म्हणाला पट्ट्यांचं बघा, आणि उत्तर आलं की प्रदेशच परत घेणार. आख्खं शहर परत जायच्या बोलण्याची सुरुवात घरकर्जाच्या हिशोबातून झाली. पुढे १९८४ च्या करारात जमिनीचे पट्टे २०४७ पर्यंत वाढवून मिळाले, म्हणून लोक निजू शकले.

असो. आता तुझ्या कागदाकडे वळू.

पट्ट्यात नूतनीकरणाचं कलम शोध. ते शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतं, टायपिंग पुसट असेल तिथे. त्यात क्रियापद बघ. "मुदतवाढ देईल" असेल तर चांगलं. "देऊ शकेल" असेल तर समोरच्याची मर्जी. "त्या वेळी परस्परांत ठरेल त्या अटींवर" असं असेल तर त्या कलमाला कागदापेक्षा जास्त किंमत नाही, कारण पुढे काहीतरी ठरवू असं ठरवणं म्हणजे काहीच न ठरवणं, आणि न्यायालयं ते अंमलात आणत नाहीत. मुदत संपण्याआधी किती महिने लेखी मागणी करायची तेही तिथेच असतं. ती तारीख चुकली की कलम असूनही नसल्यासारखं. आणि "पट्टेदाराने शर्तींचा भंग केलेला नसल्यास" ही ओळ तर असतेच असते. टेरेसवर चढवलेला पत्रा, तळमजल्यावर राहत्या जागेत काढलेलं दुकान, परवानगीशिवाय आत घेतलेली बाल्कनी, हे सगळं त्या एका ओळीत येऊन बसतं. तुझ्या फोटोत बाल्कनी आत घेतलेली दिसते. ते विचार.

मग हे बघ की पट्टा मुळात कोणाच्या नावावर आहे. सिडकोची जुनी रीत अशी, की आधी नुसता पट्ट्याचा करारनामा, बांधकाम पुरं झालं की मग खरा भाडेपट्टा. कित्येक ठिकाणी दुसरा कागद झालेलाच नसतो. भूखंड बिल्डरने घेतला असेल तर त्याने पट्ट्याचे हक्क सोसायटीकडे सोपवायला हवे होते, १९६३ च्या मोफा कायद्याचं कलम ११ त्यासाठीच आहे. त्याने टाळलं असेल तर मुदतवाढीचा अर्ज करायला सोसायटी उभीच राहू शकत नाही, कारण दप्तरात पट्टेदार अजून तो बिल्डर, जो एव्हाना दुबईला किंवा देवाघरी. अशा वेळी मानीव अभिहस्तांतरण करून घेता येतं, जिल्हा उपनिबंधकाकडे, बिल्डरची सही नसतानाही. वेळ लागतो, पण होतं. तुझी सोसायटी सुरुवातीपासून सोसायटीनेच भूखंड घेऊन बांधलेली असेल तर हा फेरा वाचला, आणि त्या पानावर मला सोसायटीचंच नाव दिसतंय असं वाटतं. अंगठा काढून परत फोटो पाठव.

अर्ज सोसायटीचा, पैसे सभासदांचे. इथे खरी गोची होते. चाळीस सभासदांत दहा म्हातारे म्हणतात, आम्हाला काय करायचंय, आमचं आयुष्य काढलं. दहा भाडेकरू ठेवून अमेरिकेत. दहा येत नाहीत. उरलेले दहा भांडतात. तू नवी सभासद होशील तेव्हा पहिल्याच सभेत हा विषय काढ, आणि पैशाचं न बोलता तारखेचं बोल. तळमजल्यावर नोटीस बोर्ड असतो ना, तिथे पट्ट्याची शेवटची तारीख मोठ्या अक्षरांत लावायचा ठराव मांड. त्याला कोणी विरोध करत नाही, खर्च नाही. नंतर तो कागद आपलं काम करतो. आणि पुनर्विकासाची बोलणी चाललीत असं तू म्हणालीस म्हणून सांगतो, वाशीत सेक्टर ९-१० च्या जेएन टाइप इमारतींत पुनर्विकासासाठी लोकांनी किती वर्षं वाट बघितली ते विचारून ये. नवी इमारत उभी राहायला सहज पाच-सात वर्षं, आणि तिच्यातले नवे फ्लॅट घेणाऱ्यांनाही कर्ज लागणार. बिल्डर पहिला प्रश्न हाच विचारेल, किती वर्षं बाकी? मुदतवाढ आधी, पुनर्विकास मागून. उलटं केलंत तर मुदतवाढीचा खर्च तो तुमच्या चटईक्षेत्रातून वसूल करेल आणि तुम्हाला कळणारही नाही.

विकणाऱ्याशी बोलताना तीन गोष्टी लेखी पाहिजेत. मुदतवाढीचं शुल्क त्याने भरलंय का, नसेल तर किमतीतून वजा होणार का, आणि सिडकोचं हस्तांतरण शुल्क कोणाच्या माथ्यावर. यातलं एकही "नंतर बघू" म्हणून सोडू नकोस. तो चांगला माणूस आहे हे तुझं म्हणणं मी ऐकलं. दस्तलेखकाकडे वाईट माणूस कधी येत नाही, दोन्हीकडचे चांगलेच असतात, म्हणून तर दस्त लागतो. तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून काढून घे, आणि सूची क्रमांक दोनची प्रत तू स्वतः डोळ्यांनी बघ.

जाता जाता एक. २०२१ पासून राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की ती जाते. जावईबापूंना हे माझ्या नावाने सांग. रागावले तर म्हणावं, आण्णा कायद्याचं बोलले, घरातलं नाही.

तुझ्या आजीचं म्हणणं आहे की पोरीने एवढे पैसे घालून परक्याच्या जमिनीवर घर का घ्यावं, गावात गावठाणातली आपली जागा पडून आहे. आता तर स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणांची मोजणी झाली, लोकांना मालमत्ता पत्रकं मिळतायत. तिला मी नदीकाठच्या पांढरीची आठवण दिली. डेक्कन कॉलेजचे लोक तिथे १९६८ पासून पुढची बरीच वर्षं खणत होते, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी. मी तेव्हा शाळकरी पोर, सुट्टीत रोजावर पाटी उचलायला जायचो. इसवी सनापूर्वी सोळाशेपासून सातशेपर्यंत तिथे वस्ती होती. मधल्या काळात चांगली चौकोनी घरं, एक तर पाच खोल्यांचं, शेजारी धान्याचं कोठार, शेताला पाणी न्यायला कालवा. घराच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून. कागद नव्हता त्यांच्याकडे. पण ज्या जमिनीत आपलं लेकरू आहे ती आपली, यापेक्षा मोठा सातबारा कोणता, असं मला तेव्हाही वाटलं होतं. तरी शेवटच्या थरात ती चौकोनी घरं नाहीत, गोल झोपड्या आहेत, आणि त्याच्यावर काही नाही. पाऊसपाणी बिघडलं, असं ते साहेब लोक सांगायचे. तेव्हा कायमची मालकी ही गोष्ट मी फार मनावर घेत नाही. आजीला ते पटलं नाही. तुला सांगून ठेवतो, गावठाणातली जागा कुठे पळत नाही, नोकरी वाशीला आहे तर घर वाशीलाच घे.

फक्त आत्ता टोकन देऊ नकोस. विकणाऱ्याला पंधरा दिवस मागून घे. नाही म्हणाला तर दुसरा फ्लॅट बघ, वाशीत दुष्काळ नाही. दिला वेळ, तर तेवढ्यात तीन कामं कर. सोसायटीच्या सेक्रेटरीकडून पट्ट्याची पूर्ण प्रत, सगळ्या पानांची. सिडकोतून मुदतवाढीच्या शुल्काचा आजचा दर. बँकेतून लेखी, की उरलेल्या मुदतीवर किती वर्षांचं कर्ज देणार. बँक पंधरा वर्षांचंच देते म्हणाली तर हप्ता किती वाढतो तो तूच काढ, तुझं गणित माझ्यापेक्षा बरं आहे. तो हप्ता आणि मुदतवाढीत तुझ्या वाट्याला येणारी रक्कम, दोन्ही धरून फ्लॅट परवडत असेल तर मागे हटू नकोस, भाव मात्र त्याच हिशोबाने पाड.

प्रत मिळाली की पोस्टाने पाठव, फोनवर मला बारीक अक्षर लागत नाही. स्पीड पोस्टाने पाठव. न्हावऱ्याहून पुढे टपाल यायला एखादा दिवस जास्त लागतो, तेवढा धर.

तुझे,
आण्णा

ता. क. साडेसहाशे फूट म्हणजे चटई की बांधीव, हे तू अजून सांगितलं नाहीस.